टांगणीला नेमकं कोण?

सिनेमा सुटला की नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवर दोन मिनिटं गर्दी तुंबते. तिथे एक पोट्टा फोनवर मित्राला सांगत होता, "तू पाहून ये बे, सस्पेन्स मी नाही सांगत." वाक्य स्वच्छ मराठी, त्यात खटकण्यासारखं काहीच नाही. खटकलं ते संध्याकाळी. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच सिनेमाबद्दल कुणीतरी इंग्रजीत लिहिलं होतं, 'प्लीज डोन्ट रिव्हील द सस्पेन्स.' व्याकरणाच्या मास्तरांना इथे लाल रेघ मारायला जागा नाही. क्रियापद बरोबर, कर्म जागेवर, आर्टिकलही आहे. तरी इंग्रजीत मुरलेल्या कानाला हे वाक्य वाचताना दाताखाली खडा येतो. तो खडा कशाचा, हे शोधायला गेलं की या एका शब्दाच्या आसपासचं अख्खं गणगोत उकलायला लागतं.

मराठीत आपण सस्पेन्स हा शब्द घेतला तो गुपित या अर्थाने. तो फोडता येतो, लपवता येतो, शेजाऱ्याच्या कानात सांगता येतो. 'शेवटी सस्पेन्स काय निघाला?' असंही आपण विचारतो आणि समोरचा 'भाऊच खुनी होता' असं उत्तर देतो. इंग्रजीत सस्पेन्स ही अशी हातात धरायची गोष्टच नाही. ती अवस्था आहे, आणि ती गोष्टीत नसते, गोष्ट ऐकणाऱ्यात असते. खुनी पडद्यावर, सस्पेन्स खुर्चीत. त्यामुळे इंग्रजीत जे सांगायचं नसतं ते 'द ट्विस्ट', 'द सीक्रेट' किंवा साधं 'द एंडिंग', आणि क्रियापद 'गिव्ह अवे'. 'डोन्ट गिव्ह अवे द एंडिंग' म्हटलं की काम झालं. 'द सस्पेन्स इज दॅट हिज ब्रदर डिड इट' हे त्याच चुकीचं दुसरं रूप. तिथे 'ट्विस्ट' घातला की वाक्य उभं राहतं.

अवस्था म्हटली की ती मोजता येत नाही. म्हणून 'धिस मूव्ही हॅज अ गुड सस्पेन्स' यातला 'अ' काढायचा, आणि 'गुड'च्या जागीही 'अ लॉट ऑफ' किंवा 'रिअल' बरा. माणूस या अवस्थेच्या आत असतो, म्हणून 'इन सस्पेन्स'. कुणाला तसं ठेवायचं तर 'कीप' किंवा 'लीव्ह'. ती वाढत गेली तर 'बिल्ड' किंवा 'माउंट', आणि सहन होईना तर 'द सस्पेन्स इज किलिंग मी'. विशेषण 'सस्पेन्सफुल', पण ते सिनेमाला, प्रसंगाला, शांततेला लावायचं. 'आय वॉज सस्पेन्सफुल' असं कुणी लिहीत नाही. 'आय वॉज सस्पेन्स्ड' तर अजिबातच नाही, कारण असं क्रियापद नाही. ते सुधारायला जाऊन 'वी वेअर सस्पेंडेड टिल द लास्ट बॉल' लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की अख्ख्या स्टँडला नोकरीवरून निलंबित केलं. स्पेलिंगचं एकच: शेवट एस-ई. डिफेन्स आणि लायसन्स या शब्दांत ब्रिटिश आणि अमेरिकन लोक सी की एस यावरून वेगळे होतात, इथे दोघांचंही एकमत आहे.

थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याने 1962 मध्ये फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या दीर्घ मुलाखतीत हा फरक एका बॉम्बने समजावला होता. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल आणि तो फुटला, तर पंधरा सेकंदांचा धक्का. तोच बॉम्ब आधी दाखवला आणि टेबलावरची माणसं बिनघोर गप्पा मारत राहिली, तर पंधरा मिनिटांचा सस्पेन्स. म्हणजे फुटपाथवरच्या त्या पोट्ट्याच्या नेमकं उलट. गुपित झाकून ठेवलं तर 'सरप्राइज', गुपिताचा माग काढायला लावला तर 'मिस्टरी', आणि गुपित सांगून टाकून वाट पाहायला लावली तर 'सस्पेन्स'. परीक्षण लिहिताना हे तीन शब्द एकमेकांच्या जागी फिरवले की सिनेमा पाहिलेल्या माणसाला कळतं, लिहिणाऱ्याने तिन्हीही धड पाहिलेले नाहीत.

आणि गंमत अशी की मराठीला हे मुळात नवं नाही.

जीव टांगणीला लागतो. सस्पेन्सच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थही टांगणं, लटकवणं हाच. दोन भाषा, मध्ये एवढे समुद्र, आणि वाट पाहणाऱ्या माणसाचं काय होतं ते दोघींनाही सारखंच दिसलं. आपली उत्कंठा म्हणजे मान वर झालेली. श्वास रोखून धरणं, डोळ्यांत प्राण आणून बसणं, देव पाण्यात घालणं, हे सगळे वाक्प्रचार वाट पाहणाऱ्याच्या बाजूचे आहेत. गुपिताबद्दल त्यातला एकही नाही. त्यामुळे इंग्रजी वाक्य लिहिताना अडलं तर आधी मराठीतच विचारावं: इथे जीव टांगणीला लागलाय की काहीतरी लपवलंय? पहिलं असेल तर सस्पेन्स, दुसरं असेल तर दुसरा शब्द शोधा. उधार घेतलेल्या शब्दाने आपल्याच घरातल्या वाक्प्रचाराची जागा बळकावली आणि अर्थ मात्र भलताच आणला, याची चुटपुट लागते खरी. पण मराठीत बोलताना त्या पोट्ट्याला अडवायलाही मन होत नाही. 'सस्पेन्स फोडला' यात 'फोडला' इतका छान बसलाय.

डिसेंबरात अधिवेशन लागलं की नागपुरात हा शब्द इंग्रजी बातम्यांत रोज लागतो. 15 डिसेंबर 2024 ला इथल्या राजभवनावर 39 मंत्र्यांनी शपथ घेतली. अशा विस्ताराच्या आधी नावांची चर्चा रंगते ती 'सस्पेन्स ओव्हर द कॅबिनेट' अशा शब्दांत. इथे 'ओव्हर' किंवा 'अबाउट' चालतं. 'सस्पेन्स ऑफ द कॅबिनेट' म्हटलं तर अर्थ लागत नाही. अधिवेशनात गोंधळ झाला आणि आमदारांवर कारवाई झाली की येतं ते 'सस्पेन्शन'. दोन्ही शब्द एकाच पानावर, एकाच मुळातून, आणि घाईत लिहिणाऱ्याचा हात घसरतो तो इथेच. 'द लीडर्स आर इन सस्पेन्शन' लिहिलं की नेते निलंबित तरी झाले, नाहीतर औषधाच्या बाटलीतल्या पांढऱ्या गाळासारखे पाण्यात तरंगू लागले. गाडीखालचं सस्पेन्शनही त्याच कुळातलं, कारण गाडीचा सांगाडा चाकांवर टांगलेलाच असतो.

या कुळातली आणखी दोन भावंडं म्हणजे 'पेंडिंग' आणि 'इम्पेंडिंग'. पेंडिंग म्हणजे अजून निकाल न लागलेलं, सरकारी कपाटातलं. इम्पेंडिंग म्हणजे डोक्यावर लोंबणारं, येऊ घातलेलं, आणि बहुधा वाईट. पूर, दिवाळखोरी, बदली इम्पेंडिंग असतात. निमंत्रणाच्या ई-मेलमध्ये 'अवर डॉटर्स इम्पेंडिंग मॅरेज' दिसलं की होणाऱ्या जावयाची काळजी वाटते. तिथे 'फोर्थकमिंग' किंवा 'अपकमिंग' लिहावं. 'इमिनंट' हाही येऊन ठेपलेल्याला, पण त्याच्या स्पेलिंगची सुरुवात आय-एम-एम अशी. ई-एम लिहिलं की तो 'एमिनंट' होतो, म्हणजे नामवंत. एमिनंट डेंजर म्हणजे नामांकित संकट. तसं काही असत नाही, निदान छापील अर्थाने तरी.

जमाखर्च लिहिणाऱ्यांना मात्र या शब्दाचा खरा अर्थ न शिकवता कळलेला असतो. ट्रायल बॅलन्स, म्हणजे जमा आणि नावे यांचा ताळा, जुळत नाही, फरक राहतो, तो कोणत्या खात्याचा हे कळेपर्यंत सस्पेन्स अकाउंटला टाकतात. तिथे रहस्य वगैरे काही नाही. रक्कम फक्त लटकवून ठेवलेली आहे, आणि चूक सापडली की उलटी नोंद करून ते खातं शून्यावर आणायचं.

आता 'बेटेड ब्रेथ'. इथे देवनागरी आपल्याला फसवते, म्हणजे खरं तर वाचवते. इंग्रजीत बी-ए-टी-ई-डी हे बरोबर, आणि बी-ए-आय-टी-ई-डी ही सार्वत्रिक चूक. उच्चार तोच, त्यामुळे आपल्या लिपीत दोन्ही एकसारखेच दिसतात आणि चूक गायब होते. रोमनमध्ये लिहिताना ती परत उगवते, कारण आय असलेला 'बेट' म्हणजे आमिष, तो ओळखीचा. आय नसलेला एकटा आता कुठे भेटतच नाही. तो 'अबेट'चा तुटलेला तुकडा आहे: कमी होणं, ओसरणं. बेटेड ब्रेथ म्हणजे दाबलेला, आवरलेला श्वास. आमिष लावलेल्या श्वासाने मासा गळाला लागेल कदाचित, निकाल लागणार नाही.

नागपूरकरांना हे लक्षात ठेवायला सोपं जावं, कारण हायकोर्टाचं खंडपीठ इथेच आहे आणि वकिलांच्या तोंडी 'अबेट' रोजचा. पक्षकार वारला आणि त्याच्या वारसांना 90 दिवसांत रेकॉर्डवर आणण्याचा अर्ज दिला नाही, की त्याच्यापुरता दावा अबेट होतो, म्हणजे संपतो. दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर 22. त्या 'अबेटेड'मधला पहिला ए काढा, उरेल ते स्पेलिंग बरोबर. वाक्प्रचार शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधल्या शायलॉक या सावकाराच्या तोंडी येतो. पण तिथे तो उत्कंठेचा नाहीच, लाचारीचा आहे. कर्ज मागायला आलेल्या, आजवर आपल्यावर थुंकलेल्या माणसापुढे मान खाली घालून, आवाज दाबून बोलू का, असं तो खवचटपणे विचारतो. पुढच्या लोकांनी त्यातली लाचारी टाकली आणि धडधड ठेवली. आज लिहिताना 'विथ बेटेड ब्रेथ' असं अख्खं बांधूनच वापरायचं. 'हर ब्रेथ वॉज बेटेड' म्हणजे ओढाताण.

श्वासाचीच आणखी दोन कलमं. नाम 'ब्रेथ' आणि क्रियापद 'ब्रीद' यांत रोमनमध्ये शेवटच्या ई-चाच फरक. 'ही हेल्ड हिज ब्रीद' असं छापून आलेलं पुष्कळदा दिसतं. आणि 'डोन्ट होल्ड युअर ब्रेथ' हा डॉक्टरी सल्ला नाही. त्याचा अर्थ 'वाट पाहू नका, हे लवकर होणार नाही'. त्यात टोमणा आहे, म्हणून ग्राहकाला उत्तर देताना चुकूनही वापरू नये.

'ऑन टेंटरहुक्स'ची गोष्ट कापडाची आहे. इंग्लंडात लोकरीचं कापड विणून झालं की ते पाण्यात घालून, मुलतानी मातीसारखी माती लावून कुटत. त्याने वीण घट्ट होई, पण कापड आटेही. मग ओलं असतानाच ते टेंटर नावाच्या लांबलचक लाकडी चौकटीवर उघड्या मैदानात ताणून वाळवायचं. चौकटीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीत काही-काही इंचांवर खिळे असत, काटकोनात वाकवलेले, दोन्ही टोकांना अणकुचीदार. एक टोक लाकडात, दुसऱ्यावर कापडाची किनार अडकवायची. खालची पट्टी ओढून कापड ताणलं की ते वाळताना पुन्हा आखडत नसे आणि पन्हा सगळीकडे सारखा येई. ते खिळे म्हणजे टेंटरहुक्स. दोन बाजूंनी ताणलेला, सुटू न शकणारा, अजून ओला. वाट पाहणाऱ्या माणसाचं याहून नेमकं चित्र कुणी काढलेलं नसेल. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल 1877 पासून ज्या गावात चालली आणि जिथल्या कोष्ट्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लुगडी विणली, त्या गावाला हे समजावं लागू नये. आपलं कापड सुती, त्याला ते कुटणं नाही. पण हातमागावर विणताना कापड आत ओढलं जाऊ नये म्हणून रुंदीभर जी आडवी काठी लावतात, तिच्या टोकांना अशीच बारीक टोकं असतात आणि ती किनारीत रुतलेली असतात.

चूक होते ती 'टेंडरहुक्स' लिहिण्याची. इंग्रजांना तिथे टेंडर म्हणजे नाजूक आठवतं. आपल्याला वेगळंच टेंडर आठवतं, आणि सिव्हिल लाइन्सच्या कचेऱ्यांत निविदा उघडायची वाट पाहत बसलेले कंत्राटदार पाहिले की ही चूक बरोबरच ठरवावीशी वाटते. पण स्पेलिंग टी-ई-एन-टी-ई-आर. कायम अनेकवचनी, आणि आधी 'ऑन'.

ताणण्याचं दुसरं यंत्र 'रॅक'. ते माणसांना ताणायचं, छळासाठी. त्यावरून 'नर्व्ह-रॅकिंग', आधी डब्ल्यू न लावता. डब्ल्यूवालं रूप इतकं रुळलं आहे की शब्दकोशांनीही ते घेतलंय, त्यामुळे त्यावरून कुणाशी भांडू नये. मला विचाराल तर स्वतः लिहिताना डब्ल्यू गाळावा, कारण डब्ल्यूवाला 'रॅक' म्हणजे नासधूस, तो लावला की ताण जातो आणि पडझड येते.

खेळाच्या बातम्यांत हे शब्द सर्वांत स्वस्त होतात. नागपूरजवळ जामठ्याला 12 मार्च 2011 ला झालेला विश्वचषकाचा सामना घ्या. भारत 1 बाद 267 वरून 296 सर्वबाद, शेवटचे 9 गडी 29 धावांत. दक्षिण आफ्रिकेला अखेरच्या षटकात 13 हव्या होत्या, त्या त्यांनी दोन चेंडू राखून काढल्या. याला 'नेल-बायटिंग फिनिश' म्हणा, मधली आडवी रेघ विसरू नका. 'क्लिफहँगर' म्हटलं तरी चालेल, तो एकच शब्द, न तोडता. पण 31 ऑक्टोबर 1987 ला सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध झालेला सामना क्लिफहँगर नव्हता. चेतन शर्माची हॅटट्रिक झाली, गावसकरांनी वनडेतलं एकुलतं एक शतक ठोकलं आणि भारत 32.1 षटकांत 9 गडी राखून जिंकला. थरार भरपूर, टांगणी नाही. तिथे 'थ्रिलिंग' किंवा 'डॅझलिंग' बसतं. आणि क्लिफहँगर अख्ख्या सिनेमालाही लावू नये. तो शेवट अर्धवट सोडलेल्या भागासाठीचा शब्द आहे, नायक कड्याला लोंबकळतोय आणि पुढचं पुढच्या आठवड्यात. किंवा मग शेवटपर्यंत न फिटलेल्या चुरशीसाठी. 'ऑन द एज ऑफ माय सीट' आणि 'ऑन एज' यांतही गल्लत होते. पहिल्यात माणूस मजेत असतो, दुसऱ्यात त्रासलेला, भांडायला टेकलेला.

'अवेटिंग फॉर युअर रिप्लाय' हे वाक्य किती अर्जांखाली असेल याची गणती नको. 'अवेट'च्या पोटात 'फॉर' आहेच. एकतर 'अवेटिंग युअर रिप्लाय', नाहीतर 'वेटिंग फॉर'. त्याच अर्जात 'अँक्शस', म्हणजे काळजीत असलेला, आनंदाच्या जागी येतो. मुलाखतीला 'ईगर' असावं, निकालाला 'अँक्शस'.

शब्द जमले तरी एक मोठी अडचण उरते, आणि ती कुठल्याही शब्दकोशात सापडत नाही. मराठीचं क्रियापद शेवटी असतं, आणि त्याच्याही मागे 'नाही' येतं. 'ज्या कागदावर अख्खा खटला उभा होता, तो कागद वकिलांनी न्यायाधीशांपुढे ठेवला नाही.' शेवटच्या शब्दापर्यंत वाचक ताणलेला आहे आणि त्यासाठी लिहिणाऱ्याने काहीही केलेलं नाही, भाषेने केलंय. हेच सरळ इंग्रजीत नेलं तर 'द लॉयर डिड नॉट प्लेस' इथेच, चौथ्या शब्दावर, हवा निघून जाते आणि पुढचा कागद, खटला, न्यायाधीश सगळे वरातीमागून येतात. मराठीतून इंग्रजीत लिहिणाऱ्यांचे थरारक प्रसंग सपाट का वाटतात, याचं खरं कारण मला हे वाटतं. आपण जन्मभर फुकट मिळालेल्या ताणावर लिहितो आणि इंग्रजीत तो विकत घ्यावा लागतो हे ध्यानात येत नाही.

विकत घ्यायचे मार्ग आहेत. गौण वाक्यं पुढे आणायची आणि मुख्य क्रियापद मागे ढकलायचं. किंवा वाक्य दोनात तोडायचं: वकिलाने फाइल उघडली, कागद काढला, पाहिला, हे एका वाक्यात, आणि 'देन ही पुट इट बॅक' हे दुसऱ्या, आखूड वाक्यात. तिथे 'नॉट'ची गरजच उरत नाही. माणसाचं नाव शेवटी हवं असेल तर शाळेत बदनाम झालेला पॅसिव्ह व्हॉइस कामाला येतो. 'द लेटर हॅड बीन साइन्ड बाय हर ब्रदर' यात भाऊ शेवटी येतो. 'इट वॉज हर ब्रदर हू साइन्ड द लेटर' यात तो आरंभीच पकडला जातो. जोर देण्यासाठी हे दुसरं रूप उत्तम, टांगून ठेवण्यासाठी निकामी. 'सडनली' मात्र शक्यतो खोडावा, कारण तो शब्द वाचायला लागणारा वेळच अचानकपणा खाऊन टाकतो. आणि टिंबं तीनच. सहा-सात दिल्याने वाचक जास्त वेळ थांबत नाही. अमेरिकन पद्धतीत वाक्य तिथेच संपत असेल तर चौथं टिंब पूर्णविरामाचं धरतात, ब्रिटिश छपाईत बहुधा तीनांवरच भागवतात. दोन्हींतली एक पद्धत निवडावी आणि अख्ख्या मजकुरात तीच ठेवावी.